वाळूच्या नदीवरचा दहावा

गुंडू धुऱ्याला कुणी 'स्वैपाकी' म्हटलं की तो समोरचं ताट सरकवून उठायचा. "कूक म्हणा. साहेबाच्या कागदार कूक लिवलेला आसा." बहरीनला, मनामाच्या बाजारामागे, कुडाळकडच्या माणसांची एक खोली होती. लोखंडी खाटा, एक पंखा, भिंतीवर गणपती, आणि दाराशी चपलांचा ढीग. आठवडाभर जुफैरला पेनरोज साहेबाच्या बंगल्यात राबायचं आणि शुक्रवारी या खोलीत येऊन भांडायचं, हा गुंडूचा नेम. भांडायला कारण लागायचं नाही. डाळीत मीठ कमी पडलं तरी भांडण, कुणी बहरीनला 'बेरन' म्हटलं तरी भांडण. पण खोलीत कुणाला ताप भरला की रात्र जागवणारा हाच. म्हणून त्याच्या शिव्या सगळे गिळायचे.

खोलीचा कर्ता रावजी. वयाने थोरला, सुतारकामावरचा फोरमन, बोलायला कमी. गावाहून तार आली की ती आधी रावजीच्या हातात जायची, आणि मग जे व्हायचं ते वर्षानुवर्षं ठरल्यासारखं. मेल्याची बातमी तोंडाने सांगायची नाही, तारेतही लिहायची नाही. गावच्या पोस्टातूनच 'सिरियस' असं येई. रावजी त्या माणसाजवळ बसे आणि आई गेलेली असेल तर म्हणे, "आवशीक वायच बरा नाय. तुका बोलावल्यानी." एकजण बॅग भरायला घेई, दुसरा त्याच्या साहेबाकडे पासपोर्ट मागायला पळे, कारण पासपोर्ट मालकाच्या कपाटात, इथल्या कुठल्याच गड्याच्या खिशात तो नसतो. विमानतळापर्यंत दोघं सोबत जात. ज्याला न्यायचं त्यालाही कळलेलं असे, तरी तो विचारी, "वायचसाच आसा मां?" आणि सगळे म्हणत, "होय रे, वायचसाच."

गुंडूने स्वतः खोलीतल्या विठ्ठलाला असं सांगितलं होतं. विठ्ठलाच्या बापाची राख तोवर खाडीला मिळालेली होती आणि हा त्याच्या पाठीवर थापट्या मारत म्हणत होता, "ताप आसा रे, उतारतलो." त्यात आपण खोटं बोलतो असं त्याला कधी वाटलं नाही. तारेतला आजारी माणूस जिवंत सापडल्याचं त्या खोलीत कुणाला आठवत नव्हतं.

एकोणऐंशी साली पेनरोज साहेबाने सुट्टी काढली आणि ठरवलं, आफ्रिकेत जायचं. नैरोबीला उतरून एक चिमुकलं विमान घ्यायचं आणि वाळवंटावाळवंटातून जनावरं बघत हिंडायचं. जिथे रस्ता नाही तिथे विमान उतरणार, तंबू ठोकणार, पुन्हा उडणार. वर्षभर वाळवंटात काढून सुट्टीला पैसे मोजून दुसऱ्या वाळवंटात जाणारी ही एकच जात. मेमसाहेबाचं पोट नाजूक. तिला गुंडूच्या हातचं सोडून पचेना, म्हणून गुंडूही बरोबर.

खोलीत हसाहशी झाली.

"साहेबाक हयच्या सखीरची वाळू कमी पडली काय रे?" विठ्ठल म्हणाला.

"थंय हत्ती आसत."

"मगे हत्तीक काय वाढतलंस? माशाची कढी?"

"तुका वाढतंय तीच. तो तरी नावां ठेवचो नाय."

गुंडू चिडला नाही, कारण या फेरीत त्याचा सौदा होता. सहल संपली की तिथूनच त्याची रजा सुरू. नैरोबीहून थेट मुंबई, मुंबईहून गाव. दोन वर्षांत बायकोचं तोंड पाहिलं नव्हतं. सत्यवतीला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून दोघांचा पत्रव्यवहार कॅसेटवर चाले. कुणी रजेवर गेला की गुंडूची कॅसेट घेऊन जाई आणि तिची घेऊन येई. शेवटच्या कॅसेटमध्ये मागे कोंबडा आरवत होता आणि ती म्हणत होती, "हत्ती बघशात तर माका फोटो नको हा. फोटोत काय कळाक नाय. तुमी तोंडान सांगा. मी डोळे मिटून आयकतलंय."

तेव्हापासून गुंडूला नवंच काम लागलं. जे दिसेल ते सत्यवतीला कसं सांगायचं?

विमान इतकं लहान की पायलटच्या मानेवरचा घाम दिसायचा. खाली आधी हिरवी शेतं, मग एक बर्फाचा डोंगर, मग हिरवं विरत विरत सगळं तांबूस, मग राखाडी, मग नुसतं पांढरं. एका जागी मैलोन्मैल मिठागर पसरलेलं, पण समुद्र कुठेच नाही. 'शिरोड्याची मिठागरां आठव,' तो मनात म्हणे, 'आणि त्यातला पाणी काढून टाक, माणसां काढून टाक.' उतरण्याआधी पायलट एकदा खालून घिरट्या घालून पट्टीवरचे झेब्रे हाकलायचा. त्यांचे पट्टे असे बारीक की जणू कुणी फणीने ओढलेत. एक हरीण मागच्या दोन पायांवर उभं राहून झाडाचा शेंडा खात होतं. 'आपल्या शेजारणीची बकरी फणसार चढता तसा. पण हिची मान बघशीत तर तू हसशीत.'

आणि हत्ती. तळ पडला होता तिथे नदी होती म्हणे, पण नदीत पाणी नव्हतं, पात्रभर वाळू. हत्ती येऊन पायाने आणि सोंडेने वाळू उकरायचे, खड्डा करायचे आणि पाणी झिरपेपर्यंत उभे राहायचे. घाई नाही, धक्काबुक्की नाही. थोरली हत्तीण आधी पिऊन बघायची, मग पिल्लाला पुढे करायची. गुंडू पीठ मळायचं सोडून पाहत राहिला. यासाठी त्याने मनात शब्द फिरवून फिरवून ठेवले. हे सांगितलं की ती डोळे उघडील आणि म्हणेल, "खोटा!"

तळावर लतीफ नावाचा मदतनीस होता. मोंबासाचा, लहानपणी गुजरात्याच्या दुकानात राबलेला, म्हणून हिंदी बोलायचा. एका संध्याकाळी स्टोव्ह भडकला आणि लतीफचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रात्रभर तो ओल्या फडक्यात हात धरून कण्हत बसला. लॉरी पुढच्या तळाला गेलेली, दवाखाना कुठे तर नैरोबीला. सकाळी विमान येणार होतं साहेबाच्या दोन पाहुण्यांना न्यायला. एक जागा रिकामी होती. लतीफने जायचं हे ठरलेलंच होतं.

विमान आलं. पायलट साहेबाशी काही बोलला आणि साहेब चुलीकडे आला. साहेब कधी चुलीकडे येत नसे.

"गुंडू. बॅड न्यूज. तुम्हारा बीवी बीमार. बहुत बीमार. तुम घर जाओ. आज जाओ."

गुंडूच्या हातातला झारा तसाच राहिला. "मर गयी?"

"नो, नो! बीमार. मेसेज में बीमार बोला. सिरियस."

"किसने बोला?"

"तुम्हारा रावजी. ऑफिस में आया. रोया." आणि साहेबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सहा वर्षांत या माणसाने त्याला कधी बोट लावलं नव्हतं. त्या हातानेच गुंडूला सांगितलं. आणि रावजी रडला म्हणे! जो रावजी स्वतःच्या भावाची तार घडी करून खिशात घालतो आणि कामावर जातो, तो. रावजीने साहेबालाही शिकवलंय, असंच बोला म्हणून. आता हा गोरा माणूसही आपल्या पाठीवर थापट्या मारील आणि म्हणेल, ताप आहे, उतरेल.

साहेब खरं तेच सांगत होता. त्याला ठाऊक होतं तेवढंच सांगत होता. पण गुंडूच्या जगात ते ऐकायला कानच उरला नव्हता.

"लतीफ को भेजो," तो म्हणाला.

"गुंडू, वाइफ इज वाइफ. हम लतीफ को देख लेगा."

"उसका हाथ सड जाएगा साब. मेरे को उधर अब क्या जल्दी है?"

साहेबाला यातलं काही उमगलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, मेमसाहेब येऊन सांगून गेली, लतीफही म्हणाला, "तू जा भाई, मैं रुकता." गुंडूने कुणाकडे पाहिलं नाही. लतीफचं बोचकं उचलून त्यानेच विमानात टाकलं.

यात कुणी मोठेपणा शोधू नये. लतीफची दया होतीच, पण तिच्याखाली भीती होती. सत्यवती नसलेल्या घराच्या उंबऱ्यात पाय कसा टाकायचा? तिला नेऊन दिवस झाले असतील, मुलाने अग्नी दिला असेल, बायका माजघरात बसल्या असतील. तिथे जाऊन बघायचं काय, तर राख. त्यापेक्षा इथे पीठ मळलेलं बरं. आणि साहेबालोकांपुढे रडायचं नाही हा ताठा. विमान धूळ उडवत गेलं आणि गुंडूने दुपारच्या जेवणाला कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांचं कुणी विचारू नये.

पुढलं विमान आठवड्याने. त्या दिवसांत त्याला मनात सांगायला कुणी उरलं नाही. जिराफ पाण्याशी पाय फाकून वाकायचे, तो नुसता पाहायचा. पाहायचा आणि विसरायचा.

तार गावाहून तळापर्यंत पोचायला चार-पाच दिवस लागले असतील, तेव्हा तार निघाली त्या दिवशी ती गेली असं धरून त्याने दहावा ठरवला. तिकडे मुलगा करीलच, पण नवऱ्याचं म्हणून काही असतं. जनावरांचा माग काढणारा एक सांबुरू जमातीचा माणूस तळावर होता. उंच, गप्प, गळ्यात मण्यांच्या माळा. गुंडूने त्याच्यापुढे वस्तरा धरला आणि डोक्याकडे बोट केलं. त्याने काही विचारलं नाही. त्यांच्यातही माणूस गेलं की डोकं भादरतात, हे लॉरी परत आल्यावर ड्रायव्हरने सांगितलं. हत्तींनी उकरलेल्या खड्ड्याजवळ गुंडू बसला आणि त्या माणसाने त्याचं डोकं आणि मिशी हलक्या हाताने उतरवली. त्याच खड्ड्यातलं गढूळ पाणी त्याने अंगावर घेतलं. भाताचा पिंड केला. काळे तीळ नव्हते. साहेबाच्या पावावर लावायचे पांढरे होते, ते घातले. दर्भ म्हणून वाळकं गवत. मंत्र येत नव्हते, तेव्हा तो नुसतं म्हणाला, "सत्यवती, माझ्यान हयच्यान येवढाच जमता."

तिथल्या कावळ्यांच्या छातीवर पांढरं असतं, बंडी घातल्यासारखं. गुंडू मागे सरकला न सरकला तोच एक उतरला आणि त्याने पिंड फोडला.

गावात तास तास खोळंबतात माणसं. हात जोडतात, वचनं देतात, तरी कावळा शिवत नाही. आणि इथे असा पटकन! गुंडू वाळूवर बसून पहिल्यांदा ढसढसा रडला. बरं वाटून रडला. तिचं काही मागे राहिलेलं नाही. आपल्यावर राग नाही. सुखाने गेली.

दोन दिवसांनी विमान आलं. या खेपेला साहेब चुलीपर्यंत धावत आला.

"गुंडू! सेकंड मेसेज. कल रावजी को दूसरा तार आया. तुम्हारा बीवी पूछता है. आस्किंग फॉर यू. जल्दी आओ बोला."

"दूसरा तार?"

"येस. सेकंड."

मेलेल्या माणसासाठी दुसरी तार कुणी पाठवत नाही. हे गुंडूला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणाला ठाऊक नसेल. ती जिवंत होती. पहिल्या दिवसापासून जिवंत होती. साहेब खरं बोलला होता, सीट रिकामी होती. आणि आपण... त्याचा हात डोक्यावर गेला. तळव्याला नुकते उगवू लागलेले खुंट टोचले.

विमानात तो खिडकीकडे तोंड करून बसला, पण बाहेर त्याने पाहिलं नाही. पायलटने बोट करून दाखवलं, हत्तींचा कळप चालला होता. गुंडूने डोळे मिटून घेतले.

नैरोबीला मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी तो गुजरात्यांच्या देवळात गेला आणि पुजाऱ्याला हिंदीत विचारलं, "जिंदा आदमी का दसवाँ कर दिया तो क्या होता है?"

पुजाऱ्याने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग प्रसाद हातावर ठेवून म्हणाला, "कुछ नहीं होता भाई. उमर बढती है."

देवळाच्या उंबऱ्यात येईपर्यंत गुंडूला ते खरं वाटलं. बाहेर आल्यावर त्याने एक टोपी विकत घेतली आणि कानापर्यंत ओढली.

एसटी कुडाळला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. पुढली वाट तो पळतच गेला. घरापुढच्या खळ्यात पाऊल टाकलं आणि थांबला. खाट धुऊन भिंतीला उभी करून ठेवली होती.

माजघरातून गंगूबाय आली. त्याची थोरली बहीण, विधवा, इतके दिवस तिनेच सत्यवतीचं सगळं केलं होतं. कावीळ झालेली, आधी अंगावर काढली, मग सावंतवाडीच्या इस्पितळात नेली, मग तिथल्यांनीच घरी न्या म्हटलं.

"कधी?" गुंडूने विचारलं.

"परवा. दिवेलागणीक."

गंगूबायने त्याला जवळ घेतलं, लहानपणी घ्यायची तसं, आणि डोक्यावरून हात फिरवायला टोपी काढली. तिचा हात थबकला. आज आलेला माणूस, आणि केस तर कधीचे काढलेले, पुन्हा उगवायला लागलेले.

"गुंडू, केस कधी काढलंस रे?"

त्याने तिच्या हातातली टोपी काढून घेतली. पलीकडे त्याचा थोरला मुलगा ओल्या पंच्यात बसला होता. त्याचं डोकं गुळगुळीत. तो बापाच्या डोक्याकडे बघत होता.

"बाय, ती माझी वाट बघी होती काय?"

गंगूबायने पदराने डोळे पुसले. "नाय रे बाबा. तिका शुद्ध खंय होती? काय्येक कळाक नाय तिका. शांत गेली."

"मगे दुसरी तार? ती इचारता म्हणान?"

"ती मीच धाडलंय. तू बेगीन येवचंस म्हणान."

गुंडू तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. हे तोंड त्याला पाठ होतं. असंच तोंड करून तो विठ्ठलाजवळ बसला होता.

"खरा सांग, बाय!" तो ओरडला. भिंतीला टेकवलेली खाट त्याने लाथेने पाडली. "माका खरा कळाक व्हया! वाट बघी होती मां? दाराकडे बघी होती मां?"

"आवशीची शपथ. शुद्धच नाय होती."

शेजारची लक्ष्मी म्हणाली, "नाय भावजी, शुद्ध होती. पण तुमचा नाव घेवन हसान गेली." गावचे भटजी म्हणाले, मुखात देवाचं नाव होतं. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "माका झोप लागलेली," आणि उठून मागल्या दारी गेला. ज्याला जी माया सुचली ती त्याने वाढली. एका बाईची तीन मरणं गुंडूच्या पदरात पडली आणि त्यातलं एकही तिचं होतं की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. दहाव्या दिवशी भटजींनी त्याला पुढे बोलावलं. तो म्हणाला, "पोरगोच करतलो. माझा झाला." लोकांनी त्याला दगड म्हटलं. त्याने कुणाला काही समजावलं नाही.

तो बहरीनला परतला. पेनरोज साहेबाने त्याला नैरोबीचं काही विचारलं नाही, त्यानेही लतीफचं विचारलं नाही. खोलीत रावजी एकदा म्हणाला, "गुंडू, पयल्या तारेक मीच ती मेली म्हणान समाजलंय रे. म्हणान रडलंय." गुंडू म्हणाला, "मी पण." त्यावर बोलणं संपलं. भांडणंही संपली. डाळीत मीठ असो नसो, तो जेवायचा.

दर दोन वर्षांनी रजा. दर रजेत, पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी, तो गंगूबायला विचारायचा. एकदा ती म्हणाली, शुद्ध नव्हती. पुढल्या खेपेला म्हणाली, पाणी मागितल्यान आणि डोळे मिटल्यान. त्याच्या पुढल्या खेपेला त्यात तुळशीचं पान आलं. दर वेळी सत्यवती थोडी अधिक सुखाने मरत होती.

शहाऐंशीच्या रजेत गंगूबायला दिसेनासं झालं होतं. ओटीवर बसून ती चाचपडत पेज जेवत होती. गुंडू तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "बाय, आता तरी सांग. वाट बघी होती?"

गंगूबायने त्याच्या आवाजाच्या बाजूला तोंड वळवलं. चिडली नाही, रडली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, "तुका खंयचा बरा वाटता ता सांग, बाबा. मी ताच सांगतंय."

गुंडूने तिच्या हातातलं वाटगं घेतलं, तळाशी बसलेला भात बोटांनी मोडून पेजेत कालवला आणि तिच्या हातात परत दिला.